काकांची झोप आणि पंख्याचा क्लच

आमच्या डिझेल व्हॅनला ताप यायचा तो फक्त चढावर. पुण्याहून निघालं की शिरवळपर्यंत टेम्परेचरचा काटा शहाण्यासारखा मध्यावर. खंबाटकीच्या घाटात उसाच्या ट्रकमागे दुसऱ्या गियरवर रखडलो, की निघालाच वर. मग मी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायचो. हीटर म्हणजे डॅशबोर्डामागचा छोटा रेडिएटरच. इंजिनची थोडी धग तो गाडीत ओढतो आणि काटा जरा नमतो. पण हे शास्त्र मे महिन्यात, मागे नऊवारीतल्या आत्या बसलेल्या असताना कुणी समजावून सांगावं? "जोतिबाला चाललोय की भट्टीला?" असं त्यांनी विचारलंच.

निदान करणाऱ्यांची वानवा नव्हती. सासऱ्यांचा, म्हणजे आप्पांचा, संशय थर्मोस्टॅटवर. त्यांच्या कोणे एके काळच्या जीपमध्ये तोच गेला होता. मेव्हण्याच्या मते हेड गॅस्केट, कारण इंजिनचा तेवढाच एक भाग त्याला नावानिशी ठाऊक. घराजवळच्या गॅरेजवाल्यानं वॉटर बॉडी बदलली, रेडिएटर खोलून साफ केला, नवा कूलंट भरला आणि असं बिल दिलं की घाट न चढताच माझा काटा वर गेला. गाडीचा मात्र खंबाटकीतच.

शेवटी भुईंजच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमधल्या मेस्त्रींनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "हायवेला पळताना गरम होती का?"

"नाही."

"सकाळी पयल्यांदा चालू केली की घरघरती?"

माझी छाती फुगली. पूर्वी घरघरायची, तळमजल्यावरचे काका खिडकीतून डोकं काढून मला किती वाजलेत ते सांगायचे. हल्ली ती गुपचूप निघते. संक्रांतीला तिळगूळ देताना काकांनी तिचं खास कौतुकही केलं होतं.

"मंग तवाच गेलाय क्लच," मेस्त्री म्हणाले.

या गाड्यांत पंखा इंजिनला थेट जखडलेला नसतो. मध्ये एक चपटी डबी, तिच्यात दाट सिलिकॉन तेल. दोन तळव्यांत काकवी धरून एक फिरवला की दुसरा ओढला जातो, तसा या तेलाच्या ओढीनं पंखा फिरतो. डबीच्या तोंडाशी दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की तिचा पीळ बदलतो, आतली झडप उघडते, तेल खाचांत शिरतं आणि पंखा जोर धरतो. हवा गार असली की पंखा रेंगाळतो, डिझेल वाचतं. रात्रभर उभ्या गाडीत हे तेल खाचांत उतरून बसतं, म्हणून सकाळची ती थोडा वेळ घरघर. तेलच गळून गेलं, तर घरघरही नाही आणि ओढही नाही. पळत्या गाडीला समोरचा वारा पुरतो; घाटात गोगलगायीच्या चालीनं जाताना वारा आणायचा कुठून? काका ज्या शांततेवर खूश होते, ती रोगाची होती.

इंजिन बंद करून, चावी स्वतःच्या खिशात टाकून मेस्त्रींनी पात्याला बोटानं ढकललं. तापलेल्या गाडीत ते जड लागायला हवं, सोडताच थांबायला हवं. आमचा पंखा गरगरतच राहिला. मेव्हणा मोठ्यानं फेरे मोजू लागला. डबीच्या मधोमध सुटलेले तेलाचे ओघळ कडेकडे फाकले होते आणि त्यांवर धुळीचा काळा थर बसला होता.

"काही जण चालू इंजनात पेपरची घडी घालून बघत्यात," मेस्त्री म्हणाले. "पंखा थांबला तर क्लच गेला, न्हाई थांबला तर पेपर गेला. आपण त्यात पडत न्हाई."

तूर्त त्यांनी बोल्ट मारून क्लच जाम केला. पंखा आता इंजिनबरोबर अखंड गर्जत होता, गाडी ओढायला मंद झाली होती, पण काटा जागचा हलला नाही. थर्मोस्टॅटबद्दल आप्पा कोल्हापूरपर्यंत काहीतरी सांगत होते. कुणालाच ऐकू आलं नाही.

परतल्यावर नवा क्लच बसवला. सकाळी गाडी चालू केली आणि अशी घरघरली की मन भरून आलं. काका जिना चढून वर आले. चांगली सुधारलेली गाडी पुन्हा बिघडली म्हणून बिचारे हळहळले आणि एका भरवशाच्या गॅरेजचं कार्ड माझ्या हातात ठेवून गेले. वॉटर बॉडी बदलणाऱ्याचंच होतं.