अथ जुनी-गाडी-जिज्ञासा

प्रस्तुत प्रबंधाचा विषय दोन गाड्या. पहिली पांढरी, एमएच १२ पासिंग, २०१४ ची, मीटरवर ३८ हजार, मुक्काम कोथरूड. दुसरी चंदेरी, एमएच ०९ पासिंग, २०१६ ची, मीटरवर ७१ हजार, मुक्काम कोल्हापूर. दोन्ही पेट्रोल, दोन्हींची मागणी अडीच लाखांच्या अलीकडे-पलीकडे. यांतली अधिक भरवशाची कोणती, एवढाच प्रश्न. कंपन्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. नाव घेतलं की माणसं समोरच्या गाडीबद्दल बोलायचं सोडून आपल्या पहिल्या गाडीबद्दल बोलू लागतात आणि संशोधन तिथेच खुंटतं.

विषय क्षुल्लक असल्याचा आक्षेप घरातूनच आला. ("अहो, दोन महिने झाले, अजून रिक्षाच चाललीय आपली.") त्यावर पूर्वसूरींचा दाखला देतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नामांकित नियतकालिकांनी तो साभार परत केला. त्यांतल्या दोघांचं म्हणणं, असल्या किरकोळ गोष्टींवर आम्ही छापत नाही. १९७० साली चौथ्याने छापला आणि २००१ साली अकरलॉफना, आणखी दोघांबरोबर, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा रिक्षाचे पैसे वाया गेले असं इतक्यात म्हणता येणार नाही.

त्या निबंधाच्या शीर्षकातच लिंबू आहे. खोड असलेल्या गाडीला अमेरिकेत लिंबू म्हणतात. अकरलॉफचं म्हणणं साधं: गाडीत काय दडलंय ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्या थोड्याफार लिंबू धरून भाव पाडतो. त्या पडत्या भावात चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, जाऊ दे, पोरगंच चालवेल, आणि गाडी बाजारातून मागे घेतो. उरतात ती लिंबं. आपल्याकडे लिंबाचा आणि मोटारीचा संबंध याहून घट्ट आहे, फक्त दिशा उलटी. नवी कोरी गाडी आपण शोरूमच्या दारात लिंबावरून नेतो आणि पुढे शनिवारच्या शनिवारी ताजं लिंबू मिरच्यांसह बंपरला टांगतो. आत लिंबू शिरू नये म्हणून बाहेर लिंबू. कोथरूडच्या पांढरीला असं एक टांगलेलं होतं, वाळून सुपारीएवढं झालेलं. हा पुरावा कोणाच्या बाजूने धरावा, याबद्दल घरात मतभेद आहेत.

आता प्रमाणविचार. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाक मात्र एकट्या प्रत्यक्षावर थांबतात. चार्वाकमताने जुनी गाडी घेणं फार सोपं, कारण ती नेहमीच धुतलेली, पॉलिश मारलेली आणि डॅशबोर्डला काहीतरी सुगंधी फासलेली असते. कर्ज काढून तूप प्यावं हा सल्लाही त्यांच्याच नावावर खपवला जातो. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा चढा असतो, हे पाहता तूप परवडलं.

प्रत्यक्षाची मर्यादा मला कोथरूडला कळली. ठोकलेल्या पत्र्यावर पेंटर लांबी भरतात, वरून रंग मारतात. लांबीला चुंबक चिकटत नाही. एवढं ज्ञान मिळाल्यावर मी फ्रिजवरचं, गोव्याहून आणलेलं होडीचं चुंबक खिशात घालून गेलो. पुढच्या बंपरला लावलं, पडलं. मागच्या बंपरला लावलं, पडलं. "गाडी दोन्हीकडून ठोकलीय," असा निष्कर्ष मी मेहुण्याच्या कानात सांगितला. "दाजी," तो म्हणाला, "बंपर प्लास्टिकचा असतो." शास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. मेहुण्याने दुसरा शब्द वापरला. होडी शेवटी डाव्या बाजूच्या मागच्या दारावरून, अगदी खालच्या अंगाला, घसरली. ते दार काही प्लास्टिकचं नव्हतं.

अनुमानाचं उदाहरण शेकडो वर्षं एकच चालत आलंय: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग असणार. नैयायिकांना एक धूर पुरला, कारण त्यांना डोंगर विकत घ्यायचा नव्हता. आमच्या फिटरकडे धूर तीन आहेत. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्हची सीलं गेलीत. काळा म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय. पांढरा, दाट आणि गाडी तापली तरी न थांबणारा म्हणजे कूलंट आत शिरतंय, आणि मग हेड गॅस्केटवर संशय घ्यायचा. थंडीतल्या सकाळची वाफ यात धरायची नाही. शिवाय डोंगर आपला धूर लपवत नाही. विकणारा लपवतो. गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, की गार गाडीच्या साऱ्या तक्रारी, ती खडखड, तो पहिला भपकारा, उरकून घेता येतात. म्हणून फिटरचा उपदेश असा, की पोचल्यावर नमस्काराच्याही आधी बॉनेटवर हात ठेवावा. मी ठेवला. तापलेलं होतं. "आत्ताच मंदिरात जाऊन आलो," मालक म्हणाले. मंदिर त्यांच्या गॅलरीतून दिसत होतं.

उपमानाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. गवा कसा, तर गाईसारखा. गाडी कशी, तर नव्यासारखी. पुढे.

एवढ्याने भागेना, तेव्हा मीमांसकांचं दार ठोठावलं. ते अर्थापत्ती नावाचं आणखी एक प्रमाण मानतात. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी तो लठ्ठ आहे. अर्थात तो रात्री जेवतो. जुन्या गाड्यांच्या बाजारात हा देवदत्त पदोपदी भेटतो. पांढरीचा मीटर म्हणतो ३८ हजार. ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र घासून गुळगुळीत झालेलं, स्टीअरिंगची वरची कड माठासारखी चकचकीत. गप्पांच्या ओघात मालक सांगून गेले, की हिंजवडीला रोज याच गाडीने जायचो, कधी दगा दिला नाही. जाऊन-येऊन ३० किलोमीटर धरा, वर्षाचे कामाचे दिवस २५०, म्हणजे ७,५००. दहातली कोविडची दोन वर्षं सोडून दिली तरी आठ वर्षांचे ६०,००० होतात. अर्थात उरलेले २२,००० देवदत्ताने रात्री खाल्ले. मीटर मागे फिरवणारी माणसं शहरात असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. यांनी फिरवला असं मी म्हणत नाही, मी फक्त लठ्ठपणाकडे बोट दाखवतोय.

तीच गत विम्याची. "एक ओरखडा नाही हो," असं त्यांचं वचन. पॉलिसीवर नो क्लेम बोनस २० टक्के. ओळीने पाच वर्षं दावा न करणाऱ्याला तो ५० टक्क्यांपर्यंत मिळतो. मग बाकीचे ३० गेले कुठे? मला होडी घसरलेलं दार आठवलं. आणि "फर्स्ट ओनर" म्हणून सांगितलेल्या गाडीचं आरसी उघडलं, तर यांचा नंबर दुसरा. "पहिले म्हणजे आमचे वडीलच. वडिलांची ती माझीच की," ते म्हणाले. भावना म्हणून हे मला पटलं.

इथून शब्दप्रमाणाकडे वळणं भाग आहे. माझ्या मते साऱ्या विषयाची मेख इथेच आहे. शब्द म्हणजे आप्ताचं वचन. शास्त्रात आप्त म्हणजे जो वस्तू जाणतो आणि जशी आहे तशी सांगतो. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. या एका अर्थांतराने महाराष्ट्रातले किती व्यवहार फिसकटले असतील, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही. काका म्हणाले, ७१ हजार म्हणजे गाडी काढायलाच आली. त्यांची स्वतःची ७० हजारांना बंद पडली होती, एवढाच या विधानाला आधार. मावशींचा चंदेरी रंगाला विरोध. मेहुण्याचं म्हणणं, दाजी, इलेक्ट्रिक घ्या. प्रत्येकाच्या मागे एकेक गाडीचा अनुभव आणि शंभर गाड्यांचा आवाज.

उलट बाजूला तज्ज्ञ लोक हजारो गाड्यांचा हिशेब मांडतात. बिघाडांच्या प्रमाणाची त्यांची रेषा आपल्या घंगाळासारखी असते. सुरुवातीला कारखान्यातल्या चुका बाहेर पडतात तेव्हा उंच, मग बरीच वर्षं सपाट तळ, मग झिजेमुळे पुन्हा चढ. हे सगळं खरं. पण मला हजार गाड्या घ्यायच्या नाहीत, एक घ्यायची आहे. आणि ती घंगाळाच्या तळाशी बसलीय की काठावर चढलीय, हे हजारांचा हिशेब सांगत नाही. ते त्या एका गाडीबरोबर राहिलेला माणूसच सांगू शकतो. म्हणजे फिरून पुन्हा शब्द, आणि पुन्हा आप्त कोण हा प्रश्न.

विकणाऱ्याचे शब्द वाचायलाही मीमांसाच उपयोगी पडते. ती वेदवाक्यांत विधी आणि अर्थवाद असा भेद करते. विधी म्हणजे करायची आज्ञा, अर्थवाद म्हणजे नुसती स्तुती, शब्दशः घ्यायची नाही. "शोरूम कंडिशन", "लाखात एक", "डॉक्टरांची गाडी" हा सगळा अर्थवाद. (डॉक्टर गाडी हळू चालवतात ही समजूत कुठून आली कोण जाणे. मी एका डॉक्टरांच्या शेजारी बसलोय.) "पेट्रोल टाका आणि चालवा" हा मात्र शुद्ध विधी आहे, कारण काटा हमखास रिझर्व्हवर असतो. "टायर ८० टक्के" हे वाक्य मला अजून लागलेलं नाही. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३११७ म्हणजे २०१७ चा एकतिसावा आठवडा. पांढरीचे टायर तेच होते. खाचा भरपूर, पण रबर वयाने कडक होऊन बारीक तडकलेलं. ८० टक्के कशाचे, असं विचारल्यावर मालकांनी टायरला लाथ मारून दाखवली.

कोल्हापूरची गाडी एका निवृत्त गुरुजींची. त्या भागातली गाडी बघताना एक प्रश्न विचारावाच लागतो, आणि तो विचारताना जीभ जड होते: २०१९ च्या ऑगस्टमध्ये, पंचगंगेला पूर आला तेव्हा, गाडी कुठे होती? "जावयाच्या दारात, उंचावर," गुरुजी म्हणाले. "पण माझं ऐकू नका. पट्टा ओढून बघा की." सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. पाण्यात बसलेल्या गाडीचं सगळं धुता येतं, पण पट्ट्याच्या गुंडाळीतला चिखल कुणाच्या ध्यानात राहत नाही. पट्टा टोकापर्यंत स्वच्छ होता. स्टेपनीखालीही गंज नाही, कुबट वास नाही. न दिसण्यातून न असणं कळतं, त्याला अनुपलब्धी म्हणतात. भाट्ट मीमांसकांचं ते सहावं प्रमाण, आणि माझ्या हाती लागलेलं एकमेव निखळ प्रमाण.

मग गुरुजींनी वही काढली. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक लिटर त्यात होता: तारीख, मीटर, पेट्रोल, अ‍ॅव्हरेज. मधूनमधून शेरे. "हवा भरली, चारी." "पाहुण्यांना बेळगावला सोडलं. पेट्रोलचं कुणी विचारलं नाही." "तिसऱ्या गिअरला बारीक आवाज. मुलाला सांगितलं, त्याला येत नाही." "एसी दुपारी कमी पडतो." "क्लच प्लेट अजून पहिलीच." हे शेवटचं दर वर्षीच्या पाडव्याला नव्याने लिहिलेलं.

इथे माझी पंचाईत झाली. पांढरीत मालकाच्या म्हणण्याप्रमाणे एकही दोष नव्हता. चंदेरीत गुरुजींनी स्वहस्ते अकरा दोष नोंदवले होते, मी मोजले. तराजूत घातलं तर शून्य विरुद्ध अकरा. फोनवर काकांनी हाच हिशेब केला. पण त्या अकरांच्या पलीकडे बारावा नसावा, असं मला वाटू लागलं होतं, आणि शून्याच्या पलीकडे किती आहेत ते देवदत्त जाणे.

"चालवून बघा," गुरुजी म्हणाले आणि शेजारी बसले. मी तिसऱ्या गिअरचा आवाज ऐकण्यात गुंतलो. तो होता, बारीक, लिहिला होता तसाच. गुरुजींचं लक्ष मात्र रस्त्याकडे नव्हतं. सिग्नलला थांबलो तेव्हा पाहिलं, ते खाली बघत होते, माझ्या डाव्या पायाकडे.

परत आल्यावर चहा झाला. गुरुजींनी वही उघडून मीटरचा आकडा लिहिला. मला समोरून उलटं वाचता आलं: "ट्रायल, ३ कि.मी. पाहुणे पुण्याचे. डावा पाय सारखा क्लचवर."

पेनाचं टोपण लावून ते म्हणाले, "आणखी दोघं येऊन जाणार आहेत. कळवतो."

हे लिहून होईपर्यंत कोथरूडहून चार फोन आले, दर फोनला पाच हजार कमी. कोल्हापूरहून एकही नाही.