लोणी देवकरचा फेसकाढ्या

लोणी नावाच्या गावात कुणी काही घुसळत बसला, तर त्याला हसायचं कारण नाही. तरीही लोणी देवकरात, किंवा पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या तशाच कुठल्याही गावात, घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारा माणूस हा पारावरच्या गप्पांचा हक्काचा विषय होतो. हा गडी बहुधा आयटीआय झालेला, इथल्याच एमआयडीसीत पाळीवर जाणारा, चाळिशीच्या अलीकडचा. गोठ्यात म्हैस, रानात ऊस, आणि पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी तीन फुटी काचेच्या टाकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे. समुद्र सरळ रेषेत मोजला तरी इथून दोनशेच्या आसपास किलोमीटर. लोक त्याला ‘टाकीवाला’ म्हणतात, आणि गेले कित्येक महिने तो ‘बजेटमधला स्किमर’ या एकाच विषयावर बोलतो. लोकांच्या मते हे शहरी, अंगाबाहेरचं खूळ आहे. माझं मत उलटं आहे. या पट्ट्यात टाकीवाल्याइतका जुन्या वळणाचा माणूस शोधून सापडणार नाही, आणि स्वस्तातला स्किमर शोधणं हे त्याच्या रक्ताला धरूनच आहे. चुकतं ते एवढंच, की आपण यंत्र निवडतोय असं त्याला वाटतं.

प्रोटीन स्किमर हे नाव ऐकून व्यायामशाळेतल्या डब्याची आठवण होते, पण काम अगदी घरगुती आहे. एका उभ्या नळकांड्यात टाकीतलं पाणी घ्यायचं आणि त्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडायचे. माशांची विष्ठा, अंगावरचा बुळबुळीतपणा आणि उरलेलं खाणं यांतून पाण्यात जी सेंद्रिय घाण मिसळते, तिच्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. पळणाऱ्या टोकाला बुडबुड्याची कड सोयीची पडते, म्हणून ते तिथे चिकटतं. बुडबुडे वर चढतात, त्यांचा फेस होतो, फेस मानेतून वरच्या कपात सांडतो आणि तिथे काकवीच्या रंगाचं, काकवीशी वासाचं काहीही नातं नसलेलं पाणी साचतं. आता दौंड-बारामतीकडच्या कुठल्याही गुऱ्हाळावर जाऊन पाहा. काहिलीत रस तापला की भेंडीचा चिकट रस घालतात, रसातली घाण तिला धरून वर येते, आणि गुळव्या झाऱ्याने ती मळी काढून टाकतो. घरात ताक घुसळताना स्निग्धाचे कणही हवेच्या बुडबुड्यांच्याच आधाराने गोळा होतात. तिन्ही ठिकाणी नको ते किंवा हवं ते वर आणायचं आणि अलगद उचलायचं, एवढीच विद्या. ज्याच्या आजोबांनी झारा धरला आणि आजीने रवी, त्याने स्किमर लावला तर तो परका कसा?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. “आरं, दाराशी उजनी हाय, चिलापी टाक की टाकीत!” आक्षेप वजनदार आहे. उजनीच्या फुगवट्यात चिलापीने इतर माशांना केव्हाच मागे टाकलंय, भिगवणचा मासळीबाजार तिच्यावर चालतो, आणि तिला गोडं पाणी, पाव आणि थोडी उपेक्षा एवढं पुरतं. पण गोड्या पाण्यात स्किमर चालत नाही. तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि भसाभस फुटतात. पाण्यात मीठ असलं की ते बारीक आणि वेगळे राहतात, आणि बारीक बुडबुडे म्हणजेच घाणीला चिकटायला जास्त जागा. म्हणजे टाकीवाल्याला माशांची हौस आहे असं जे आपण समजतो, तिथेच गफलत होते. मासे हे निमित्त. त्याला फेस काढायचाय, आणि त्यासाठी मीठ लागतं. आता यात विनोद आहे, तो असा की नीरेच्या कालव्याखालच्या चोपण रानातला शेतकरी पाट-चाऱ्या काढून, जिप्सम टाकून, मिळेल त्याचा सल्ला घेऊन जमिनीतलं मीठ घालवायला आयुष्य वेचतो, आणि त्याच तालुक्यात हा माणूस आरओचं निर्मळ पाणी करून त्यात पिशवीतलं मीठ मोजून घालतो. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम. वजनकाटा घरातला, पण एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तर तो सोनारासारखा अस्वस्थ होतो.

स्वभावाने हा माणूस चिकट नाही. उसाची पहिली उचल आली की पोरांना कपडे, कारभारणीला साडी, देवाला अभिषेक, सगळं विनाघासाघीस. स्किमरच्या बाबतीत मात्र त्याची वही निघते. वहीत रकाने असतात: किती लिटरचा, किती वॅटचा, उंची किती, आवाज किती, पुण्याहून आणायचा की कुरियरने. महिनाभराने सगळे रकाने भरतात आणि निर्णय तेवढा उरतो. खोक्यावर ‘पाचशे लिटरपर्यंत’ असं छापलेलं असतं. तो आकडा निवडणुकीतल्या आश्वासनासारखा वाचावा. निम्मा धरला तर सहसा फसगत होत नाही. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर एकशे नव्वद लिटर होते, दगड-वाळू घातल्यावर त्याहून कमी. तेव्हा चारशे-पाचशे लिटरवाला साधा स्किमर तिला पुरून उरतो. हे त्याला दहा मिनिटांत कळतं. पुढचे पाच महिने तो याहून थोडा वरचा घ्यावा का, या विचारात काढतो, आणि त्याहून वरच्याचाही एक वरचा असतोच.

‘महाग तेच चांगलं, एकदाच घ्या आणि सुखी व्हा,’ हा दुसरा आक्षेप शहाण्यांचा. ट्रॅक्टर घेताना तो मानावा. स्किमरच्या बाबतीत पुरावा वेगळं सांगतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास वेगवेगळे स्किमर मोजून पाहिले. पाण्यात विरघळलेल्या एकूण सेंद्रिय कार्बनापैकी किती भाग यंत्र खरोखर बाहेर काढतं, हा प्रश्न. उत्तर हौशी लोकांना फारसं रुचलं नाही: यंत्रं एक तृतीयांशाच्या आतबाहेरच अडकली, बाकीचा मोठा भाग बुडबुड्याला दाद देतच नाही. आणि यंत्रायंत्रांतला फरक त्यांच्या किमतींतल्या फरकाला शोभेल एवढा मुळीच निघाला नाही. म्हणजे चार आकडी किमतीचा स्किमर मळी काढतो, पाच आकडी किमतीचाही मळीच काढतो, गूळ कुणीच पाडत नाही. शिवाय परदेशी हौशी जो मोठ्या स्किमरचा आग्रह धरतात, तो बहुतेकदा प्रवाळांसाठी. नाजूक प्रवाळांना फार निवळ पाणी लागतं. आपल्याकडे दगडी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. कायदा पाळणाऱ्या टाकीवाल्याच्या टाकीत ती असूच शकत नाहीत. त्याच्याकडे आहेत दोन विदूषक मासे, तेही आता बंदिस्त पैदाशीतून मिळतात आणि पाण्यातल्या थोड्याबहुत घाणीचा फार बाऊ करत नाहीत. मग वाघाच्या पिंजऱ्याचा खर्च मांजरासाठी कशाला करायचा?

स्वस्तातही दोन घराणी आहेत, आणि लोणी देवकरात त्यांतलं कुठलं टिकेल हा खरा रंजक भाग. एका घराण्यात लाकडी एअरस्टोन असतो: मऊ लाकडाच्या ठोकळ्यातून हवेचा छोटा पंप बारीक बुडबुडे सोडतो. किंमत किरकोळ, वीज नगण्य, पण ठोकळ्याची छिद्रं काही आठवड्यांत बुजतात आणि तो बदलावा लागतो. दुसऱ्या घराण्यात पाण्याच्या पंपाच्या पंख्यालाच पात्यांऐवजी सुया असतात. त्या आत ओढलेली हवा कातरून तिचा दुधासारखा पांढरा लोट करतात. काम जोरात, पण पंपात केस, चुना, वाळू काहीही गेलं की तो कण्हायला लागतो, आणि सुयांचा पंखा मोडला तर तो भिगवणला मिळत नाही, इंदापूरलाही नाही. इथे टाकीवाल्याचा आयटीआय कामाला येतो. वहीतले वॅट आणि लिटर सोडून त्याने तीनच गोष्टी विचाराव्यात: पंखा सुटा विकत मिळतो का, कप एका हाताने निघतो का, आणि मान आतून पुसता येते का. मानेला बुळबुळीत थर चढला की फेस वर चढायला कचरतो. दर आठवड्याला जो कप निघत नाही, तो दोन महिन्यांनी कुणीच काढत नाही. याबाबतीत गुळव्याच्या झाऱ्याची बरोबरी अजून कुठल्या कंपनीला साधलेली नाही.

विजेचा मुद्दा वेगळा काढावा लागतो, कारण परदेशातले सल्लागार तो कधीच काढत नाहीत. वीज गेली की वरच्या टाकीतलं पाणी स्किमर ठेवलेल्या खालच्या छोट्या टाकीत उतरतं, तिथली पातळी वाढते, आणि वीज परत आली की बुडालेला स्किमर खवळून उठतो. कप भरतो, ओसंडतो आणि रात्री दोन वाजता शहाबादी फरशीवरून काळसर ओघळ देवघराच्या दिशेने निघतो. म्हणून खालच्या टाकीत दोन बोटं जागा मोकळी ठेवावी, आणि कपाच्या नळीला एक बाटली जोडावी. या दोन्ही गोष्टी फुकट आहेत. म्हणूनच बहुधा त्या त्याच्या वहीत नाहीत.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर अवघड आहे, आणि तो चुलतभाऊ काढतो: स्किमर हवाच कशाला, पाणी बदल की. तत्त्वतः बरोबर. दोन लहान मासे, मोजकं खाणं आणि आठवड्याला एक दशांश पाणी बदललं तर स्किमरवाचून टाकी चालते. पण इथला हिशेब करून पाहा. आठवड्याला एकोणीस लिटर म्हणजे सुमारे साडेसहाशे ग्रॅम मीठ, आणि तेवढ्या पाण्यासाठी बोअरच्या जड पाण्यावर आरओ चालवून त्याहून जास्त पाणी नाल्यात सोडणं. वर इंदापूरचा एप्रिल-मे. कोरड्या उष्ण वाऱ्यात टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून रोज गोडं आरओ पाणी भरत राहावं लागतं. ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहण्याची आठवण कुणाच्याही मनातून पुसलेली नाही, तिथे पाणी कमी बदलावं लागणं ही चैन म्हणता येत नाही. शिवाय स्किमर पाण्यात हवा कालवतो, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमीच राहत असल्याने त्या दिवसांत माशांना ती हवा खाण्याइतकीच लागते. चुलतभावाचं म्हणणं ऑक्टोबर ते जानेवारी मान्य करावं.

आता ज्याला मी चूक म्हणालो त्याकडे येतो. नवा स्किमर लावला की पहिले काही दिवस त्यातून काहीच निघत नाही. आतल्या प्लास्टिकवर पातळ थर बसेपर्यंत तो रुसलेलाच असतो. टाकीवाला तिसऱ्या दिवशी झडप फिरवतो, चौथ्या दिवशी उलटी फिरवतो, पाचव्या दिवशी विकणाऱ्याला फोन लावतो आणि सहाव्या दिवशी पुन्हा वही उघडतो. डोक्याला तेल चोपडून त्याच हाताने टाकीत दगड हलवला तर फेस बसतो, कारण तेल फेसाचं वैरी. खाणं टाकल्यावरही तास-दोन तास तो बसतो. हे सगळं माहीत नसलेला माणूस यंत्राला नावं ठेवतो. गुऱ्हाळावर असं कुणी करत नाही. तिथे काहिलीला कुणी दोष देत नाही, गुळव्या चांगला आहे का एवढंच विचारतात. मळी केव्हा काढायची, जाळ केव्हा कमी करायचा, हे सगळं त्याच्या डोळ्यांत असतं, आणि त्या डोळ्यांची मजुरी सगळ्यांत जास्त असते. टाकीवाल्याच्या घरी ते डोळे अर्थातच त्याच्या आईचे असतात. दुरून नुसत्या वासावरून ती सांगते, “आज जास्त टाकलंस तू त्यांना.” आणि ती बरोबर असते. चिमूटभर खाणं कमी पडलं, तर टाकीत जाणारी घाण तेवढीच कमी होते. याहून स्वस्त स्किमर कुठल्याही वहीत सापडणार नाही.

उरतो तो कप. खारं, कुजकट, चहाच्या रंगाचं ते पाणी तुळशीला चालत नाही, गोठ्यात नको, उसाला घातलं तर वडील काठी काढतील. शेवटी ते गटारात जातं, गटार ओढ्याला, ओढा भीमेला. वरच्या अंगाने पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून त्याच भीमेत येतं आणि उजनीच्या फुगवट्यात विसावतं. दोन महानगरांचा कप आधीच इथे भरलेला आहे, आणि टाकीवाला रोज सकाळी दात घासायच्या आधी त्यात आपला वाटीभर घालून येतो.