माघात भूमिकाखेळ कसा रचावा : चिमूरसाठी कार्यपद्धती

भूमिकाखेळ म्हणजे टेबलाभोवती, चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमुरात सतरंजीवर, चार-पाच जणांनी बसून खेळायचा खेळ. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे गडी एकेका पात्राच्या अंगात शिरून आपण आता काय करणार ते बोलतात. जमले की फसले, हे फासे ठरवतात. यात कोणी जिंकत नाही, हे कळताच पहिल्या दिवशी निम्मे गडी उठून जातात. तो खेळाचा दोष मानू नये.

या जातीचा पहिला छापील खेळ, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून, लेक जिनीव्हा नावाच्या लहान गावातून काढला. एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिल्या आवृत्तीच्या प्रती १,०००. खोके घरीच भरले गेले आणि संपायला वर्ष होत आले. गाव लहान, पैसा सावकाश आणि घरातली जागा अडलेली, हे तिन्ही परंपरेला धरूनच आहे. घरच्यांना ते पटवण्यासाठी महिन्याचे पहिले दोन दिवस राखून ठेवावेत. "यानं पोट भरते काय?" असा प्रश्न आल्यास पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्याचे सांगावे. त्याआधी त्यांनी किती दशके नाटक केले, हे विचारल्याखेरीज सांगू नये.

महिना माघच का, हा प्रश्न रास्त आहे. धान घरात आलेला असतो, हरभरा शेतात उभा असतो आणि माणसे थोडी मोकळी असतात. अडचण एवढीच, की ती मोकळी आहेत हे इतरांनाही ठाऊक असते. दिवाळीपासून झाडीपट्टीचा नाट्यहंगाम सुरू झालेला असतो. वडशाच्या कंपन्यांची नाटके गावोगावची मंडळे आणतात, पडदा रात्री उशिरा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. जिथे बैलांच्या शर्यतीचा शंकरपट भरतो तिथे दिवसही गेला. खुद्द चिमुरात माघात श्रीहरी बालाजीची घोडायात्रा असते. तेव्हा गड्यांना जागे असताना गाठायचे, तर दुपारी झोप झाल्यापासून संध्याकाळी पावडर लावेपर्यंत, एवढे तीन तासच हाती उरतात. महिन्याचे सगळे नियोजन या तीन तासांभोवती करावे.

पहिल्या आठवड्यात फक्त नाव ठरवावे. नियम मागून सुचतात, नाव मात्र आधी लागते, हे झाडीपट्टीत कोणालाही विचारून पाहावे. नवरगावच्या सदानंद बोरकरांच्या 'माझं कुंकू मीच पुसलं' या नाटकाच्या नावातच काय घडणार ते आहे आणि कोणाचे घडणार तेही आहे. त्यापुढे 'प्राचीन तळघराचे रहस्य' हे नाव फिके पडते. 'तळघरात हरवलं सौभाग्य' असे ठेवल्यास तळघरात कोण उतरले, याची चौकशी करायला तरी माणसे येतात.

दुसरा आठवडा फाशांचा. मूळ खेळात वीस पैलूंचा फासा लागतो. तो चिमूरच्या बाजारात मागितल्यास दुकानदार आधी बारा पैलूंचा लाडू आणि मग डॉक्टरचा पत्ता देतो. त्याऐवजी फोडलेले चार चिंचोके घ्यावेत. अष्टाचंगाला हेच लागतात, त्यामुळे शिकवण्याचा त्रास नाही. पण एक फरक नीट समजून घ्यावा, कारण खेळाचा सगळा स्वभाव त्यावर आहे. वीस पैलूंच्या फाशावर कोणताही आकडा पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे ५ टक्के. तिथे नशीब सपाट असते. चार चिंचोके मात्र सोळा तऱ्हांनी पडू शकतात, आणि त्यांपैकी सहा तऱ्हांत दोन उताणे, दोन पालथे येतात. चारही उताणे येण्याची तऱ्हा एकच, आणि चारही पालथे येण्याचीही एकच. जुन्या हिशेबात सांगायचे, तर चमत्कार रुपयात एक आणा, सत्यानाश एक आणा, आणि उरलेले चौदा आणे कसेबसे निभावते. विस्कॉन्सिनच्या फाशापेक्षा हे गणित चंद्रपूर जिल्ह्याला अधिक लागू पडते, असे मत नोंदवून पुढे जावे. मात्र सगळे चिंचोके काही नेमके अर्धे फुटत नाहीत. चतुर गडी आपले चिंचोके घरून आणतो. ते परत पाठवावेत.

पात्रांचे गुण परंपरेने सहा : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. चिमूरच्या आवृत्तीत 'ओळख' हा सातवा गुण घालावा लागतो. तहसीलीत, दवाखान्यात आणि नाटकाच्या तंबूत पुढची जागा मिळवताना आधीचे सहाही कामाला येत नाहीत. तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीवरचा मुंशी या पात्राला ओळख जन्मतःच जास्त द्यावी आणि त्याबद्दल वाद घालू नये.

आता वाघ. नवा खेळकर्ता सर्वांत मोठी चूक इथे करतो. त्याने बाहेरच्या पुस्तकांत वाचलेले असते, की थरार हवा असेल तर झुडपातून श्वापद काढावे. लेक जिनीव्हाच्या गड्यांनी ड्रॅगन पाहिलेला नव्हता, म्हणून ते तलवार उपसत. चिमूरचे तसे नाही. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचे, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ सालचा, आणि त्याचे कोलारा प्रवेशद्वार चिमूर तालुक्यातच आहे. इथे सूत्रधाराने "समोर वाघ उभा आहे" म्हटले, की एकही गडी तलवारीला हात लावत नाही. पहिला म्हणतो, आम्ही पाठ न दाखवता हळूहळू मागे सरकतो. दुसरा वनरक्षकाला फोन लावतो. तिसरा विचारतो, "मंग पंचनामा कोन करते जी?" चौथ्याला बैल गेल्यास भरपाई किती, ते आधी हवे असते. एवढे झाल्यावर सर्व पात्रे दिवस मावळायच्या आत घरी परततात आणि साहस चार मिनिटांत संपते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, पंचनाम्याचे स्वतंत्र प्रकरण लिहावे. ते पुस्तिकेतले सर्वांत लांब प्रकरण होईल आणि सर्वांत आवडीने खेळले जाईल. दुसरा, वाघ दाखवूच नये. ओल्या मातीत एक पाऊल दाखवावे, झाडावर माकडांना खाकरायला लावावे, मग सांबराची एकच हाक ऐकवावी आणि गप्प बसावे. गडी आपोआप एकमेकांजवळ सरकून बसतात. त्यातल्या एकाला बाहेर जायचे असते, पण तो जात नाही.

सूत्रधार कोणाला नेमावे? गावातल्या सर्वांत बडबड्या माणसाला नेमण्याचा मोह टाळावा. त्या जागेसाठी नाटकाचा जुना प्रॉम्प्टर शोधावा. झाडीपट्टीत तालमी थोड्या आणि नट निरनिराळ्या गावचे, तेव्हा रात्रभराचे नाटक विंगेतल्या त्या एका माणसाच्या भरवशावर चालते. नायक अडला, तर त्याचे हसू होऊ न देता पुढचे वाक्य पुरवावे, आणि नायक भलतेच बोलला, तर तेच नाटकात होते असे समजून पुढची पाने उलटावीत, ही विद्या त्याला येते. भूमिकाखेळाच्या सूत्रधाराला यापलीकडे काही येण्याची गरज नसते. फक्त कुजबुजायची सवय सोडायला त्याला दोन दिवस द्यावेत.

तिसऱ्या आठवड्यात खेळाची चाचणी घ्यायची असते. याच आठवड्यात यात्राही असते. चाचणी होत नाही.

चौथा आठवडा छपाईचा. माघ हा लग्नाचाही महिना असल्यामुळे छापखाना पत्रिकांत बुडालेला असतो, आणि नियमपुस्तिका दोन पत्रिकांच्या मध्ये घातली जाते. मुद्रिते न तपासल्यास मुखपृष्ठावर गणपती येतो, पात्रांच्या नावामागे चि. आणि चि. सौ. कां. लागते आणि शेवटच्या पानावर, पंचनाम्याच्या तक्त्याखाली, आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं, असा आग्रह छापून येतो. गणपती राहू द्यावा. मामाचे वाक्यही काढले नाही तरी चालते, कारण पुस्तिका कोणी शेवटपर्यंत वाचली की नाही, हे त्यावरूनच कळते. प्रती ५० पुरेत. त्यांतल्या ३० नातेवाइकांत फुकट जातात, हे धरूनच किंमत ठेवावी.

विक्री यात्रेत करायचे ठरले असेल, तर ती आता उठलेली असते. उरलेल्या प्रती कोरड्या जागी ठेवाव्यात. पुढे मोहाची फुले पडू लागली, की पहाटे सारे गडी रानात असतात, मग तेंदूपत्ता, मग पेरणी, मग रोवणी. म्हणून दुसरी बैठक दिवाळीनंतरची धरावी. तोवर चिंचोक्यांना कीड लागते, नवे फोडून ठेवावेत.