जाकिटाचे दहा हजार मिलिमीटर

आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, मालवणला त्याच्या निम्म्याहूनही कमी. ट्रेकिंगच्या जाकिटावर मात्र छापलेले असते, ‘वॉटरप्रूफ, 10000 मिलिमीटर’. सिंधुदुर्गाच्या पावसाळी सहलीची तयारी करणारे गिऱ्हाईक मनातल्या मनात वजाबाकी करते आणि अख्खी आंबोली अंगावर घेऊनही तीन हजार शिल्लक राहतात म्हणून खूश होते. वास्तविक हा आकडा पावसाचा नव्हेच. कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला तरी थेंब आत झिरपत नाही, याचे ते माप. दहा मीटर पाणी डोक्यावर घेण्याचा प्रसंग आला तर तो तारकर्लीच्या स्कूबावाल्यांवर यायचा, घाटातल्या पांथस्थावर नव्हे. म्हणजे छापलेले खोटे नाही. फक्त ज्या संकटाची हमी मिळाली, ते संकट इथे येतच नाही.

येते ते वेगळेच. 1969 साली बॉब गोर यांनी टेफ्लॉन हिसका देऊन ताणले आणि अशा जाकिटांत वापरतात तो गोर-टेक्सचा पडदा हाती लागला. त्याची सूक्ष्म छिद्रे थेंबाला अडवतात, घामाच्या वाफेला वाट देतात. पण वाट दिली म्हणून वाफ निघत नाही. बाहेरची हवा आतल्यापेक्षा पुरेशी कोरडी असावी लागते. थंड डोंगरात ती असते. जुलैत मालवणच्या किनाऱ्यावर हवा स्वतःच पाण्याने तुडुंब, तिने आणखी पाहुणे घ्यावेत तरी कुठे? तेव्हा पावसाने भिजायचे की घामाने, एवढीच निवड उरते, आणि दुसऱ्या प्रकारे भिजायला पैसे पडतात. ‘स्वस्तातला नकली माल घेतला की असेच व्हायचे,’ असे जाणकार सांगतात. नकली माल फसवतो हे कबूल, पण अस्सल जाकीट घेऊन हवेचा दमटपणा कमी होत नाही. दुसरे जाणकार लगेच इरल्याकडे वळतात. बांबूच्या कामट्या आणि पानांचे ते इरले पाठीवर घेऊन लावणी करणाऱ्या बायकांना वारा सगळीकडून लागतो, घाम कोंडत नाही, अक्कल तीच. मात्र ते वाकून काम करणाऱ्या पाठीसाठी आहे. इरले पांघरून एसटीत शिरू पाहणाऱ्याला कंडक्टर काय ऐकवेल, ते इथे छापण्याजोगे नाही.

तंबूचीही तीच गत. सोबतच्या बारीक खुंट्या मऊ मातीसाठी घडवलेल्या. सड्यावर खाली जांभा, तिथे त्या वाकतात. वाळूत बिनतक्रार शिरतात आणि वारा सुटला की तितक्याच बिनतक्रार बाहेर येतात. पिशवीत वाळू भरून ती पुरायची आणि दोरी तिला बांधायची, हा उपाय चांगला आहे, फुकट आहे, म्हणून तो दुकानात मिळत नाही. उणे पाच अंशांची स्लीपिंग बॅग इथे का आणतात, हे कोडे मला सुटत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर पारा शून्याच्या वाटेला गेल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. साध्या चादरीचाही रात्री जाच होतो.

यावर शहाणा आक्षेप असा, की सामान काही एकट्या मालवणसाठी घेत नाहीत. आज मालवण, पुढे हिमालय. मुद्दा बिनतोड वाटतो, पण तो कपाटाला विसरतो. सॅकच्या आतला आणि तंबूवरचा पॉलियुरेथेनचा थर दमट उबेत बाष्पानेच हळूहळू तुटत जातो. आधी चिकट होतो, मग आंबट वास मारतो, शेवटी त्याचे पापुद्रे निघतात. बुटाचा तळवा त्याच पदार्थाचा असला तर माळ्यावर जपून ठेवलेला कोरा बूटसुद्धा हिमालयातल्या पहिल्या चढणीला भुगा होऊ शकतो. सामान कोरड्या जागी ठेवावे, अशी सूचना सोबतच्या कागदावर असते. जून ते सप्टेंबर कोकणातल्या जुन्या घरात कोरडी जागा म्हणजे चुलीच्या वरची, आणि तिथे सुक्या बांगड्याची वहिवाट आधीपासून असते. घामाची वाफ बाहेर सोडताना कुरकुरणारे जाकीट बांगड्याचा वास आत घेताना मात्र मुळीच आढेवेढे घेत नाही.