सिरीज तुटलीय

चिकलठाण्याच्या वेधशाळेत पारा दहाच्या आसपास आला की आमची गल्ली मफलर शोधायला लागते. नाना टेस्टर शोधतात.

सिडकोने सत्तरच्या दशकात वसवायला घेतलेल्या आमच्या वसाहतीत प्रत्येक घरापुढे एक जमिनीचा तुकडा आहे. बहुतेकांनी तिथे फरशी घालून मोटारसायकल उभी केली. नानांच्या तुकड्यात पारिजातक, पेरू, तुळशीवृंदावन, शेवंतीच्या सहा कुंड्या आणि फाटकावर बोगनवेल. नाना त्याला बाग म्हणतात, काकू अंगण म्हणतात आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही सगळे ‘ते लायटिंगवालं घर’ म्हणतो.

सुरुवात दिवाळीच्या आधी, आकाशकंदिलाने होते. “विकतचा कुणीबी आणतो,” हे नानांचं आवडतं वाक्य. बुरडाकडून कामट्या येतात आणि हॉलमध्ये रात्रभर पाण्यात भिजतात, तीही आंघोळीच्या बादलीत. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे बादलीभर पाणी कामट्यांना दिलेलं बघून काकू जे बोलतात ते इथे छापता येणार नाही. मग मैद्याची खळ. तीत चिमूटभर मोरचूद हवाच, नाहीतर झुरळं कंदिलासकट खळ खातात. मोरचुदाचं हे ज्ञान नाना दरवर्षी मला नव्याने देतात आणि मी दरवर्षी “असं होय!” म्हणतो.

गावाकडून येताना माणसं तूरडाळ आणतात, नाना पऱ्हाटी आणतात. कापूस वेचून झाल्यावर झाडावर उरलेली रिकामी, फुटकी बोंडं. त्यांना चुना लावायचा, एकेका बोंडात एकेक बारका दिवा बसवायचा आणि काड्या कुंडीत रोवायच्या. सांज झाली की बोंडं परत फुटल्यासारखी दिसतात. हे मात्र खरंच देखणं असतं. नानांसमोर तसं बोलायची सोय नाही. बोललात की पुढची पऱ्हाटी तुमच्या फाटकावर.

पण नानांचा खरा जीव जुन्या माळांवर. सहा व्होल्टचे बल्ब, एकापुढे एक जोडलेले. घरात येते दोनशे तीस व्होल्ट वीज, म्हणून एका माळेत अडतीसेक बल्ब. एक गेला की अख्खी माळ झोपते. नाना मांडीवर माळ घेऊन, चष्मा कपाळावर ढकलून, एका टोकापासून एकेक बल्ब काढतात आणि त्याजागी चांगला बल्ब लावून बघतात. हातातला हा चांगला बल्ब गेली कित्येक वर्षं तोच आहे; तो वेगळा, कापसात गुंडाळून, देवघरात असतो. माळेत एकाच वेळी दोन बल्ब गेले असतील तर या पद्धतीने जन्मात काही लागत नाही. अशा दिवशी नाना जेवायलासुद्धा उठत नाहीत.

“चमकी लावून बायपास करा की,” मी एकदा म्हणालो.

“आणि राहिलेल्यांनी त्याचा वाटा उचलायचा? आज एक बायपास, उद्या दोन, परवा सगळे जळतात. आमच्या वाळूजच्या कंपनीत असंच झालं होतं.” ते बल्बांबद्दल बोलत होते की माणसांबद्दल, हे मी विचारलं नाही.

दिवाळी संपली की काकू म्हणतात, “काढा आता.” नाना म्हणतात, “तुळशीचं लग्न आहे ना.” लग्न लागतं. “त्रिपुरी पौर्णिमा आलीच.” मग चंपाषष्ठी, साताऱ्याच्या खंडोबाला जाऊन यायचं, भरीत-रोडगा व्हायचा, त्या दिवशी घरात अंधार बरा दिसतो का? मग दत्तजयंती. मग नाताळ. छावणीतल्या चर्चवर चांदणी लागली की नानांच्या कंदिलाला चार कोपरे वाढतात. नातवाने विचारलं, “आजोबा, हा कंदील की स्टार?” तर म्हणाले, “तुला कसा पाहिजे तसा.” मग संक्रांत आणि हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत. नंतर ऊनच इतकं वाढतं की माळा उतरवायला शिडीवर कोण चढणार!

यात एक लाल बल्ब वेगळा. तो सणाचा नाही, नळाचा आहे. पाणी रात्री दीडला येवो की पहाटे चारला, नाना उठून तो लावतात आणि अख्खी गल्ली मोटर सुरू करते. या एका दिव्यापायी त्यांचे बाकीचे सगळे दिवे आम्ही माफ केलेत.

यंदा मी गुलमंडीवरून एलईडीची माळ आणली. गॅलरीत टांगली, बटण दाबलं, लागली. नाना खाली उभे होते.

“लागली?”

“लागली.”

“लगेच?”

“लगेच.”

नाना काही न बोलता आत गेले. मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी संध्याकाळी बटण दाबलं तर मधला एक तृतीयांश भाग गप्प. मी माळ हलवून बघेपर्यंत खाली फाटक वाजलं. जिन्यात चपलांचा आवाज, एका हातात टेस्टर, दुसऱ्या हातात चहाचा स्वतःचा कप.

“सिरीज तुटलीय,” नाना म्हणाले. इतके खूश मी त्यांना मुलाच्या लग्नातसुद्धा बघितले नव्हते. “सरक जरा. आणि लाईट बंद कर आधी.”