भाग १ डन

हिंजवडीतल्या कुठल्याही टीममध्ये स्प्रिंटचा शेवटचा गुरुवार उजाडला, की दुपारच्या चहानंतर एक गृहस्थ बाह्या सरसावून खुर्ची पुढे ओढतात. आधीचे आठ दिवस ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. रोजच्या स्टँडअपला त्यांचं उत्तर ठरलेलं : "ऑलमोस्ट डन. थोडं टेस्टिंग राहिलंय." थोडं म्हणजे सगळं.

गुरुवारी मात्र ते जिरावरचा बोर्ड उघडतात. 'ग्राहकाला पासवर्ड बदलता यावा' ही स्टोरी, आठ पॉइंट. उद्या ही स्पिल होणार, व्हेलॉसिटी पडणार, वरून विचारणा होणार. ते शांतपणे 'क्लोन' दाबतात. जुनीपुढे 'भाग १' लिहितात : पाच पॉइंट, डन. नवी 'भाग २' : तीन पॉइंट, पुढचा स्प्रिंट. पाच आणि तीनच का? दोन्ही फिबोनाचीच्या रांगेत बसतात आणि बेरीज आठ होते. आणखी काय पाहिजे?

जिरावर त्यांचा जुना राग आहे. तिथे सब-टास्क मूळ स्टोरीच्याच स्प्रिंटमध्ये राहते. आई पुण्यात आणि लेकरू आजोळी, हे चालत नाही. मग ते सब-टास्कलाच बढती देऊन स्टोरी करतात.

श्वाबर आणि सदरलंड यांच्या २०२० च्या स्क्रम गाइडमध्ये साफ म्हटलंय, की जे 'डन' नाही ते रिव्ह्यूत दाखवायचंसुद्धा नाही, परत बॅकलॉगमध्ये टाकायचं. आपल्या गृहस्थांना ते पाठ आहे, सर्टिफिकेटही आहे. आता स्टोरी तोडू नये असं कोणीच म्हणत नाही. तोडावीच, फक्त प्रत्येक तुकड्यातून वापरणाऱ्याच्या हाती काहीतरी पडावं. आधी लॉगिन केलेल्याला पासवर्ड बदलू द्या, विसरलेल्याचं नंतर बघू. पण हे प्लॅनिंगच्या सोमवारी करायचं, आणि सोमवारी यांना आठ पॉइंट "आरामात" वाटतात. गुरुवारी मग जिथे हात थांबला तिथे सुरी. एकात स्क्रीन, एकात एपीआय, एकात डेटाबेस.

"सर, बटण दाबलं की काहीच होत नाही," टेस्टर मुलगी सांगते.

"दाबलं जातंय ना? मग पास कर. होण्याची स्टोरी वेगळी आहे."

एव्हाना भाग २ चेही तीन तुकडे झालेले असतात. रिव्ह्यूत क्लायंट विचारतो, पासवर्डचं काय झालं?

"चारपैकी तीन स्टोरी डन."

"म्हणजे अजून बदलत नाही?"

"पंच्याहत्तर टक्के बदलतो."