कोऱ्या कानाचा जाणकार

कुठलाही विजेता दाखवा, तो हरणार हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि तो हरतोच. कधी दोन महिन्यांनी, कधी सहा वर्षांनी, पण हरतो. मी तारीख सांगत नाही, हे माझ्या विद्येचं मर्म. तारीख सांगणारे ज्योतिषी पुढच्याच अमावास्येला बदनाम होतात. 'काळ जरा कठीण आहे, जपून राहा' एवढंच म्हणणाऱ्याची दक्षिणा मात्र सात पिढ्या चालते.

माझी ख्याती सातारा आणि सांगली अशा दोन्ही जिल्ह्यांत आहे आणि तिची व्यवस्था मी नीट लावलेली आहे. कराडच्या कट्ट्यावर मी 'विट्याकडचे जाणकार' असतो, विट्यात गेलो की 'कराडचे'. ऑलिंपिकवीर खाशाबांच्या गोळेश्वरच्या शेजारी राहणाऱ्याला कुस्ती कळणारच, असं विटेकर धरून चालतात. इकडे कराडकरांना वाटतं, ज्या जिल्ह्यात गणपतराव आंदळकरांचं पुनवत आणि मारुती मान्यांचं कवठेपिरान, तिथल्या पाहुण्याला आपण काय शिकवायचं? 'यंदा महाराष्ट्र केसरीची गदा कुणाची?' असं कुणी विचारलं की मी डोळे बारीक करतो, चहाचा एक घोट घेतो आणि म्हणतो, 'पोरगं चांगलं हाय. पण दम बघाय पायजे.' हे वाक्य आजवर जन्मलेल्या प्रत्येक पैलवानाला लागू पडतं. जिंकला तर पोरगं चांगलं होतं. हरला तर दम बघायचा राहिला होता.

कोल्हापूरकरांसाठी माझी पद्धत थोडी वेगळी. त्यांना मी दरवर्षी 'यंदा तुमचीच' म्हणायचो. २००० साली विनोद चौगुले यांनी गदा नेल्यानंतर कोल्हापूरला ती काही मिळेना, पण मी ढळलो नाही. अखेर एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांना ५-४ असं हरवलं आणि माझ्या निष्ठेचं चीज झालं. त्या रात्री मला कोल्हापूरहून आलेले फोन मी जपून ठेवले असते, पण फोन जपून ठेवता येत नाहीत.

या साऱ्या वैभवाला पहिला सुरुंग लावला तो भाच्यानं. हा इस्लामपूरला इंजिनिअरिंग करतो आणि रविवारी सकाळी, भल्या माणसानं मिसळ खायला बाहेर पडायच्या वेळेला, मोबाइलवर यूएफसी बघत बसतो. जाळीचा आठ कोनी पिंजरा. आत दोन माणसं. बुक्की चालते, लाथ चालते, कोपर चालतं, गुडघा चालतो, आणि माणूस खाली पडल्यावर आपल्याकडं जी कुस्ती संपते ती तिथं खरी सुरू होते.

"मामा, अकरा वजनगट. अकरा चॅम्पियन. वर्षाच्या आत पट्टा कोण कोण घालवणार, यादी द्या."

"सगळे."

"असं नाय चालत मामा. नाव आणि महिना."

महिना! मुलांना हल्ली मोठ्यांशी कसं बोलावं कळत नाही.

त्याच्याकडे तक्ते होते. कुणाचं वय किती, हात किती लांब, डावखुरा की उजवा, मागच्या लढतीला किती महिने झाले. एवढं सगळं मांडूनही तिथले पंडित तोंडावर आपटतात ते आपटतातच. एप्रिल २००७ मध्ये जॉर्ज सेंट-पिएरसारख्या बलाढ्य विजेत्याला मॅट सेरानं पहिल्याच फेरीत लोळवलं, तेव्हा सेराच्या नावावर पैसा लावणारे शोधावे लागले असते. ऑगस्ट २०२२ मध्ये कमारू उस्मान गुणांवर पुढे, पाचव्या फेरीचं शेवटचं मिनिट चाललेलं, लिऑन एडवर्ड्स हरल्यातच जमा. आणि एडवर्ड्सची डावी लाथ उस्मानच्या डोक्यावर अशी बसली की पट्टा त्या एका मिनिटात कमरेवरून कमरेवर गेला. तक्त्यात त्या लाथेसाठी रकाना नव्हता.

मी भाच्याला म्हटलं, मुळात तुमची पद्धतच माणुसकीला सोडून आहे. पट्टा द्यायचा आणि पुन्हा काढून घ्यायचा? आपल्याकडे १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासून आजतागायत एकही महाराष्ट्र केसरी 'माजी' झालेला नाही. आमदार माजी होतो, सरपंच माजी होतो, साखर कारखान्याचा चेअरमन तर माजी होण्यासाठीच जन्माला येतो. महाराष्ट्र केसरी मात्र लग्नपत्रिकेवर, फ्लेक्सवर आणि शेवटी श्रद्धांजलीच्या बोर्डावरही महाराष्ट्र केसरीच. दुसऱ्यांदा जिंकला तर डबल. दादू चौगुले डबल, लक्ष्मण वडार डबल, आपल्या भाळवणीचे चंद्रहार पाटील डबल. नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांनी तर तीन-तीन वेळा गदा नेली. मग त्यांना हरवलं कुणी? कुणी नाही. सरकारनं दोघांनाही डीवायएसपी केलं. सलग जिंकणारा पैलवान आवरायचा हा खास मराठी डाव आहे. याला तोड नाही आणि याचा तक्ताही होत नाही.

"मग तुम्ही भाकीत करता ते कशावरून?" भाच्यानं विचारलं.

कानावरून.

हे गुपित मी इथे पहिल्यांदा फोडतो आहे. पैलवान बघताना लोक मांड्या बघतात, मान बघतात, छाती बघतात. मी कान बघतो. मातीत डोक्याला डोकं घासून, कैचीतून मान ओढून काढून, वर्षानुवर्षं खडाखडी करून कानाच्या आतली कूर्चा चेपते. तिच्यात आणि वरच्या आवरणात रक्त साकळतं, ते वेळेवर काढलं नाही तर तिथेच घट्ट होऊन बसतं आणि कानाची एक गाठोडी होते. परदेशातले कुस्तीगीर सरावात कानाला टोपडं बांधतात. आपल्या तालमीत कुणी तसं टोपडं घालून हौद्यात उतरला तर त्याला आधी पाळण्यात घालतील. इकडे कान मोडणं म्हणजे मुंज झाल्यासारखंच. भाच्याचा तो दागेस्तानचा खबीब नूरमागोमेदोव मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नाव उच्चारता येईना, पण कान बघून म्हटलं, हा आपल्यातला आहे. हा कुठल्याही जत्रेत उभा राहिला तर दोनशेची नाही, सरळ शेवटच्या नंबरची जोड मिळेल याला.

कानावरून काय काय कळतं! एकच कान मोडलेला असेल तर पैलवान एका बाजूनंच पटात शिरतो. दोन्ही मोडलेले असतील तर वस्तादांनी घासून घेतलेला आहे. दोन्ही मोडलेले आणि वर चेहरा शांत, तर त्याच्या वाटेला जाऊ नये, बसमध्ये जागेसाठीसुद्धा. लग्नाच्या बाजारात मात्र या कानांची किंमत कळलेली नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीला पैलवानाचं स्थळ आलं होतं. मुलगा बघण्यात सगळं पसंत पडलं, मुलीची आत्या तेवढी हळूच म्हणाली, "कानाचं काय झालंय? ऐकू येतं न्हवं?" आता या पोरांपुढे नवीनच संकट उभं आहे. हल्लीचे बिनतारेचे इअरफोन त्यांच्या कानात बसत नाहीत. शिरायला वाटच नाही. एका पैलवानाला मी रानातून पळताना पाहिलं, फोन हातात, गाणं मोठ्यानं चालू आणि आजूबाजूची सगळी वस्ती त्याच्याबरोबर ऐकते आहे. मला वाटलं, या लोकांनी कानाचा एवढा त्याग केला आहे तर कंपन्यांनी त्यांच्यासाठी एक पैलवानी साइज काढायला काय हरकत आहे?

कुंडलच्या मैदानात, डोंगराच्या उतारावर बसून मी हेच शास्त्र शेजारच्यांना समजावून देत होतो. खाली हलगी कडाडत होती, एक काटा जोड सलामीला उभी होती, आणि मी 'तांबड्या लांगेचा पडतोय, कान बघा' असं म्हणत होतो. शेजारी एक म्हातारे वस्ताद होते. पटका, हातात काठी, दोन्ही कानांच्या पार सुपाऱ्या झालेल्या. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी दोन बोटांनी माझ्या कानाची पाळी धरली, बाजारात वांगं दाबून बघावं तशी दाबली आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमचा तर कोराच हाय की."

मागच्या दोन ओळी हसल्या. तांबड्या लांगेच्यानं त्याच मिनिटाला पोकळ घिस्सा मारून कुस्ती निकाली केली, पण ते लक्षात घ्यायला कुणी शिल्लक नव्हतं.

कोरा तर कोरा. कोऱ्या कानांनाही ऐकू येतं, आणि हल्ली जे ऐकू येतं त्यानं हा धंदा बसायला आला आहे. पूर्वी दोन पैलवानांचा अंदाज घेतला की भागायचं. आता आधी स्पर्धा कुठल्या कुस्तीगीर परिषदेची ते विचारावं लागतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाले आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षेही महाराष्ट्र केसरी झाले. २०२५ मध्ये फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. जिल्हा तोच, वर्ष तेच, गदा दोन. माझ्यासारख्याला खरं तर ही पर्वणी. भाकीत खरं ठरायची शक्यता दुप्पट. तरी मला त्याचा राग येतो. अहिल्यानगरला राक्षे चीत झाले की नाही यावरून वाद झाला, त्यांनी पंचाला लाथ मारली, तीन वर्षांची बंदी आली. लाथ मारणं वाईटच. पण पहाटे तीनला उठून हजार-हजार जोर-बैठका काढणाऱ्या माणसाचं वर्ष एका शिट्टीवर जातं, आणि ती शिट्टी बरोबर होती का हे आपण सगळे मोबाइलवर मागे-पुढे करून आठवडाभर ठरवत बसतो, चहा पीत. त्याच सुमाराला चंद्रहार पाटलांनी आपल्या दोन्ही गदा परत करायचं जाहीर केलं. २००७ ला औरंगाबादला आणि २००८ ला घरच्या सांगलीत जिंकलेल्या त्या गदा. २००९ च्या अंतिम कुस्तीत आपल्यावर अन्याय झाला, असं त्यांचं म्हणणं. सोळा वर्षं तो माणूस ती एक कुस्ती मनात खेळत होता. मी त्या वर्षी काय भाकीत केलं होतं ते मला आठवतही नाही.

भाकीत म्हणावं असं भाकीत माझ्या माहितीत एकानंच केलं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर. १९५२ साली खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. 'पोरगं चांगलं हाय, पण दम बघाय पायजे' असं ते म्हणाले नाहीत. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, कराडपासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पुढच्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावं लागलं. हा किस्सा मी कट्ट्यावर रंगवून सांगतो. मग कुणीतरी विचारतं, 'तुम्ही लावाल का हो घर?' त्यावर मी म्हणतो, घर हिच्या नावावर आहे.

हिचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली तेव्हा आमचा कट्टा गप्प होता. मुलींच्या कानांचा कुणी अभ्यासच केलेला नव्हता. ही मात्र टीव्हीसमोर बसून म्हणाली, "आपली बागडीची प्रतीक्षा घेणार." प्रतीक्षा बागडी यांनी कल्याणच्या वैष्णवी पाटील यांना हरवून गदा घेतली. कशावरून सांगितलंस म्हटल्यावर ही म्हणाली, "सांगलीची हाय." एवढं साधं शास्त्र असतं तर मी वर्षानुवर्षं कान कशाला बघितले असते?

भाचा मात्र अजून यादीसाठी मागे लागलेला आहे. माझ्या यादीत एक मोठी अडचण खबीबनं करून ठेवली आहे. हा माणूस २०२० मध्ये २९ लढती जिंकून, एकही न हरता, सरळ घरी निघून गेला. वडील गेले होते, आईला शब्द दिला होता की त्यांच्याशिवाय पुन्हा लढणार नाही. आईला दिलेल्या शब्दापुढे मी काय बोलणार? पण तारीख न सांगणाऱ्या भविष्यवेत्त्याचा इतका उघड अपमान दुसऱ्या कुणी केलेला नाही. आणि आता त्याच्याच दागेस्तानचा इस्लाम मखाचेव. २०१५ साली एकदा पडला, त्यानंतर पडायचं नावच घेत नाही. तेच कान.

"मामा, ह्यो कधी पडणार? महिना सांगा."

मी बराच विचार केला. वय बघितलं, हाताची लांबी बघितली, कानही मोठे करून बघितले. मग त्याला सांगितलं, हा पिंजऱ्यात पडायचा नाही. याला गृहखात्यात घ्या, डीवायएसपी करा आणि पहिलं पोस्टिंग जतला द्या. भाचा म्हणाला, हे भाकीत नव्हे. मी म्हटलं, अर्ज आहे. खाली सही कुठे करायची तेवढं सांग.